कोकणकड्याच्या पोटातला एक दिवस

पहाटे ५.००

कड्यावर जाग येते ती आधी कमरेला. हार्नेस रात्रभर अंगातच असतो आणि त्यातून निघालेली दोरी डोक्यामागच्या दोन बोल्टना बांधलेली असते. कूस बदलली की ती ताणते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यात, खालचं जंगल आणि वरचा माथा दोन्ही लांबच राहिलेले असताना, तीन फूट रुंदीच्या गवताळ लेजवर आम्ही तिघं एका रांगेत झोपलो आहोत. एका टोकाला दादा, मध्ये मी, दुसऱ्या टोकाला धाकटा. जानेवारीची थंडी इथे वाऱ्यातून कमी आणि पाठीखालच्या कातळातून जास्त येते.

दादा आधीच उठून बसलाय. हेडटॉर्चचा उजेड तो आमच्या तोंडावर टाकत नाही, आमच्या गाठींवर टाकतो. "आधी बांधलंय का ते बघा, मग बूट घाला." हे तो रोज म्हणतो, आणि रोज म्हणायला हवंच असं माझं मत आहे. रात्री कुणीतरी झोपेत कॅराबिनरचा स्क्रू सैल केलेला असू शकतो. कड्यावर सवयीनं होणारी गोष्टही दोनदा बघून करायची असते.

प्रातर्विधी ही इथली लाजेची नाही, शिस्तीची बाब आहे. एक जण टोकाला सरकतो, बाकीचे दोघं तोंड फिरवतात. जे होईल ते पिशवीत, आणि पिशवी घट्ट झाकणाच्या प्लास्टिक पाइपमध्ये. पाइप सामानाच्या बॅगेखाली लोंबतो आणि शेवटपर्यंत आमच्याबरोबर राहतो. खाली पायथ्याच्या बेलपाडा गावची माणसं ज्या ओढ्यांवर जगतात, ते याच कड्याच्या पायाशी सुरू होतात. वरून काहीही सोडून द्यायचा आम्हाला अधिकार नाही.

चहा होत नाही. स्टोव्ह आणलेलाच नाही. दसऱ्यानंतर हे गवत वाळून पिवळंधमक होतं, एका ठिणगीनं अख्खा पट्टा पेटेल आणि पळायला जागा नसेल. शिवाय धूर वर चढतो आणि वर कुठे आग्या मोहोळ असेल ते आपल्याला दिसत नसतं. तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळ, दोन-दोन खजूर. धाकटा त्याच्या आईनं दिलेली नाचणीची भाकरी काढतो. तिचा आता खडखडीत पापुद्रा झालाय. तरी तिघांत वाटली जाते.

६.१५

पाण्याचा हिशोब. माणशी रोज तीन लिटर धरलं तर तिघांचं दिवसाला नऊ लिटर होतं, म्हणजे नऊ किलो वजन, आणि ते सगळं दोरीनं वर ओढावं लागतं. अन्न कमी पडलं तर माणूस रडतखडत निभावतो. पाणी कमी पडलं की हात आखडतात, बोटांत गोळे येतात, आणि त्याहून वाईट म्हणजे निर्णय चुकायला लागतात. दादा बाटल्या उजेडासमोर धरून पातळी बघतो आणि प्रत्येकीवर चिकटपट्टीनं दिवस लिहितो. आजच्या बाटल्या वेगळ्या, उद्याच्या वेगळ्या. उद्याच्या बाटलीला आज हात लावायचा नाही.

बहुतेकांना कोकणकडा माहीत असतो तो माथ्यावरून. गडावर येतात, देऊळ आणि गुहा बघतात, संध्याकाळी कड्याच्या काठाशी पोटावर झोपून खाली डोकावतात. गडाची उंची १,४२४ मीटर, खाली थेट कोकण. तो काठ बाहेर झेपावलेला आणि त्याखालची भिंत आत गेलेली, म्हणून वरून भिंत दिसतच नाही. दिसते ती फक्त पोकळी. आम्ही त्या आत गेलेल्या भागात आहोत. इथून वरचा काठ आमच्या डोक्याच्या बराच पुढे, आकाशात गेलेला दिसतो. आम्हाला तिथे पोचायचं आहे, आणि वाट उभी असती तरी बरं झालं असतं असं वाटावं इतकी ती उलटी आहे.

७.१०

काल संध्याकाळी धाकटा जिथवर पोचला होता, तिथपर्यंत दोरी बांधून ठेवलेली आहे. आता तिच्यावर जुमार लावून चढायचं. जुमार वर सरकतो, खाली सरकत नाही. एक हाताला, एक पायाच्या फासाला. बसायचं, पाय वर घ्यायचे, उभं राहायचं, पुन्हा बसायचं. सरळ भिंतीवर पायाला कातळाचा आधार मिळतो. इथे लेजवरून पाय सुटला की माणूस हवेत जातो आणि दोरीला पीळ पडत स्वतःभोवती फिरत राहतो. नाफ्त्याचा डोंगर, कोकण, कातळ, पुन्हा नाफ्ता. पहिले पन्नास फूट मी डोळे दोरीवरच ठेवते.

यात श्रम आहेत, पण खरी काळजी श्रमांची नसते. दोरी वर कुठे धारेवर टेकली आहे का, याची असते. माणूस खाली झोके घेत चढतो तेव्हा दोरी त्या धारेवर करवतीखाली असल्यागत घासली जाते. म्हणून काल अंधार पडता पडता धाकट्यानं तिथे जाड कापडाची पट्टी बांधली होती. मी वर पोचल्यावर आधी ती बघते. कापडाचा वरचा थर विरलाय, दोरीचं आवरण शाबूत आहे.

सूर्य उगवलाय, पण आमच्यासाठी नाही. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. हरिश्चंद्रगडाची निळी सावली खाली कोकणावर लांबवर पडली आहे आणि बेलपाड्याची घरं अजून त्या सावलीतच आहेत. दुपारी एकपर्यंत आम्हाला ही सावली मिळेल. चढाईचं सगळं काम तेवढ्यात उरकायचं. मग भिंतीवर ऊन आलं की ते मावळेपर्यंत हटत नाही.

८.००

स्टेशनवर, म्हणजे बोल्टना स्वतःला बांधून थांबायच्या जागी, मी लाकडी फळीवर बसते. दोन बाजूंना दोऱ्या बांधलेली ही साधी फळी नसेल तर तासन् तास हार्नेसमध्ये लोंबून मांड्यांचा रक्तप्रवाह अडतो. नुसतं निश्चल लोंबत राहणं माणसाला बेशुद्ध करू शकतं, जिवावरही बेतू शकतं. म्हणून फळी, आणि दर थोड्या वेळानं पाय हलवणं.

आज धाकटा लीड करणार म्हणजे पुढे चढणार, मी बिले देणार म्हणजे त्याची दोरी धरणार, दादा मागे राहून सामान सांभाळणार. धाकटा गडाच्या पायथ्याच्याच एका गावातला. लहानपणी येणाऱ्या आरोहकांच्या सॅक वाहता वाहता त्यानं दोरी बघितली, गाठी शिकला, आणि आता आमच्यात कातळावर सर्वांत चांगला तोच आहे. त्याच्या कमरेला पिटॉन, फ्रेंड, चोक नट, हातोडा, ड्रिल. खांद्यावरून टेप स्लिंगा. तो माझी गाठ आणि बिलेचं साधन तपासतो, मी त्याची गाठ तपासते.

"ताई, चढतोय."

"चढ."

पुढचे चार-पाच तास माझ्या हातातून दोरी इंचाइंचानं जाणार. कड्यावरच्या दिवसाबद्दल लोक विचारतात तेव्हा चढण्याबद्दल विचारतात. खरं तर तिघांच्या तुकडीत प्रत्येकाचा चढण्याचा वेळ थोडा असतो आणि दिवसाचा मोठा भाग दुसऱ्याची दोरी धरण्यात जातो. मला वाटतं भिंतीवर टिकायची खरी लायकी तिथेच कळते. चढणाऱ्याला त्याच्या पुढचा एक हात दिसत असतो, भीतीच त्याला जागं ठेवते. बिले देणाऱ्याला जागं ठेवणारं काही नसतं. त्याला स्वतःहून जागं राहावं लागतं. दोरी जास्त ढिली दिली तर पडणं लांबतं, आवळली तर चढणाऱ्याचा तोल जातो. वर माणूस दिसेनासा झाला की उरतो तो फक्त दोरीचा स्पर्श: थांबली, सरकली, झटकन दोन फूट गेली, म्हणजे त्यानं हात वर करून ती कॅराबिनरमध्ये अडकवली.

सह्याद्रीचा कातळ बेसाल्टचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि थिजले. प्रत्येक थराचा स्वभाव निराळा. एखादा थर घट्ट, काळा, धरलं तर सोडवत नाही असा. त्याच्यावरचा बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेला, त्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक. दोन थरांच्या मध्ये कुठे विटकरी लाल मातीची पट्टी, नखानं उकरली जाईल इतकी मऊ. गवताच्या लेज बहुतेक अशाच सांध्यांवर असतात. त्यामुळे इथे हाताला सापडेल त्या प्रत्येक पकडीला आधी विचारावं लागतं. धाकटा मडकं वाजवून घ्यावं तसा प्रत्येक दगड हातोड्यानं वाजवतो. खणखणीत आवाज आला तर धरायचा. बद्द वाजला तर तो भिंतीचा राहिलेला नाही, नुसता टेकून बसलाय असं समजायचं.

"ताई, डावीकडे सरका. हा बसलेला न्हाई."

मी फळीसकट जितकं सरकता येईल तितकं सरकते, डोकं भिंतीला लावते. थाळीएवढा दगड सुटतो आणि माझ्या मागून, बऱ्याच लांबून, आवाज करत खाली जातो. भिंत उलटी असण्याचा हा एक फायदा.

९.३०

पिटॉन ठोकण्याचा आवाज ऐकायला शिकावं लागतं. चिरेत मेख नीट बसत असेल तर प्रत्येक घावागणिक तिचा सूर चढत जातो: टण, टिण, टिन्न. सूर चढत नसेल तर ती आत जातेय पण धरत नाही. मी खाली बसून मोजते. हा चांगला. हा बरा. हा नुसता मनाच्या समाधानासाठी.

चिरा संपतात तिथे प्रश्न येतो बोल्टचा. हातानं ड्रिल धरायचं, घाव घालायचा, थोडं फिरवायचं, पुन्हा घाव. मधून मधून भोकातली भुकटी फुंकून काढायची. घट्ट बेसाल्टमध्ये एका बोल्टला अर्धा तास सहज जातो, आणि तोही पायाखाली फक्त शिडीचा फास असताना. वर टकटक सुरू होते तेव्हा मला कळतं की दोरी आता बराच वेळ हलणार नाही.

जगातल्या मोठ्या भिंतींच्या गोष्टींत एल कॅपिटनचं नाव पहिलं येतं. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीतली ही ग्रॅनाइटची भिंत, तीन हजार फुटांच्या आसपास. वॉरन हार्डिंगनं १९५७ च्या जुलैत तिच्या नोज या धारेवर चढाई सुरू केली, आणि तुकड्यातुकड्यानं दोऱ्या वर नेत १२ नोव्हेंबर १९५८ ला तो, वेन मेरी आणि जॉर्ज व्हिटमोर माथ्यावर पोचले. शेवटच्या रात्री बाहेर आलेल्या कातळावर हार्डिंगनं अंधारात, हातानं, एकामागून एक २८ बोल्ट मारले. रात्रभर. ती रात्र मी इथे फळीवर बसून नेहमी आठवते, आणि हार्डिंगइतकीच त्याची दोरी धरून रात्र काढणाऱ्याचीही.

पण त्याच हार्डिंगनं १९७० साली डीन कॅल्डवेलबरोबर त्याच भिंतीच्या डॉन वॉलवर तीनशेच्या आसपास छिद्रं पाडली, तेव्हा वाद पेटला. पुढच्याच वर्षी रॉयल रॉबिन्स आणि डॉन लॉरिया त्या मार्गानं दुसऱ्यांदा चढायला गेले आणि जाता जाता बोल्ट छाटायला लागले. थोडं वर गेल्यावर रॉबिन्सला त्या चढाईची प्रत कळली आणि त्यानं छाटणं थांबवलं. या प्रसंगातली दोन्ही माणसं मला आपली वाटतात. हार्डिंगची जिद्द आपली वाटते, आणि रॉबिन्सचा राग आणि मग ते थांबणंही. बोल्ट म्हणजे कड्याला कायमचं भोक. पिटॉन काढता येतो, फ्रेंड तर दोन बोटांनी निघतो, बोल्टचं भोक बुजत नाही. ड्रिल कितीही चालवता येत असेल तर कुठलाही कडा चढता येईल, आणि मग चढण्यात काय राहिलं? दुसरीकडे बेसाल्टला ग्रॅनाइटसारख्या लांबच लांब चिरा नाहीत. बोल्टच मारायचे नाहीत असा नियम केला तर सह्याद्रीतले मोठे कडे माणसांशिवायच राहतील, किंवा माणसं मरतील. आमचा तोडगा साधा आहे. स्टेशनला दोन बोल्ट, तिथे तडजोड नाही. मध्ये मात्र चीर, भेग, पोकळी सगळं धुंडाळून झाल्यावरच ड्रिल बाहेर काढायचं.

या ओळीत आधीच्या कुणाचा एक जुना बोल्ट आहे. गंजून त्याचं डोकं फुगलंय. इथे चार महिने कातळावरून पाणी वाहतं, साधं पोलाद किती वर्षं टिकणार? धाकटा त्याला हात लावतो, त्यात दोरीही अडकवतो, पण त्याच्यावर विसंबत नाही. दोन फुटांवर चीर शोधून स्वतःचा पिटॉन मारतो.

१०.४०

दोरी हातातून सुटल्यासारखी झटका देते. वर काहीतरी टणकन वाजतं, आणि मी फळीवरून उचलली जाऊन भिंतीवर आपटते. हात बिलेच्या दोरीवरून हललेला नाही. धाकटा माझ्या वर वीसेक फुटांवर, भिंतीपासून लांब हवेत हळूहळू फिरतोय.

"लागलं?"

"न्हाई. पिटॉन निघाला. त्याच्या खालचा बसला चांगला."

चढाईची दोरी ताणते म्हणून हे निभावतं. सामान ओढायची दोरी ताणत नाही. तिच्यावर असं पडलं तर तो झटका माणसाच्या कमरेला आणि पिटॉनला सोसवणार नाही. उलट्या भिंतीवर पडणाऱ्याला आपटायला काही नसतं, हा दुसरा फायदा. तोटा असा की परत भिंतीशी जायलाही काही नसतं. धाकटा दोरीला दोन फास बांधून त्यावर पाय देत वर जातो. मधली दहा मिनिटं तो काही बोलत नाही, मीही बोलत नाही. दादा खालून फक्त विचारतो, "पाणी प्यायलात का?" विचारणं पडण्याबद्दल नाही, पाण्याबद्दल. त्यानं आमचं लक्ष बरोबर जागेवर आणलंय हे मला नंतर कळतं.

धाकटा पुन्हा त्याच चिरेपाशी पोचतो. या वेळी वेगळ्या जाडीची मेख. सूर चढत जातो, चढत जातो, आणि घट्ट होतो.

११.५०

वरून सूं-सूं असा आवाज. आम्ही तिघंही काही न बोलता भिंतीला चिकटतो. काचेची बाटली. आमच्यापासून पन्नासेक फूट बाहेरून जाते, आणि खाली फुटल्याचा आवाज यायला बराच वेळ लागतो.

सुट्टीचा दिवस आहे, माथ्यावर गर्दी असणार. दुपारी कोकणातून तापलेला वारा भिंतीवरून वर चढायला लागला की काठावरून टाकलेली हलकी वस्तू वर परत येते, आणि ते बघायला लोक टोप्या, कागद, पिशव्या फेकतात. टोपी परत येते. दगड आणि बाटली परत येत नाही. कड्याच्या पायथ्याच्या जंगलात लाकूडफाटा गोळा करणाऱ्या बायका असतात, गुरं असतात, नळीच्या वाटेनं चढणारे ट्रेकर असतात. वरचा गड १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. काठावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला मला हात जोडून सांगावंसं वाटतं की तुमच्या पायाखाली माणसं आहेत. खाली काहीही टाकू नका.

दादा वॉकीटॉकीवर माथ्यावरच्या आमच्या माणसाला कळवतो. तो काठावर जाऊन लोकांशी बोलेल.

१२.३०

"ताई, स्टेशन लागलं. बिले काढा."

आता ओझं. वर पुली, जुमार उलटा बांधलेला, आणि धाकट्याचं स्वतःचं वजन. तो खाली बसतो, बॅग एक हात वर येते. मी जुमारिंग करत मागून जाते आणि वाटेतले पिटॉन काढत जाते. एकेकाला दोन्ही बाजूंनी ठोकून सैल करायचं. धाकट्याचं सकाळचं पडणं ज्यानं धरलं, त्या पिटॉनला सर्वांत जास्त घाव लागतात.

पाकोळ्या दिवसभर आमच्याभोवती आहेत. पंखांचा आवाज कानाजवळून वेगानं कापत जातो. पहिल्या दिवशी तो दगडाचा वाटायचा. आता वाटत नाही.

१.२०

ऊन येतं. आधी उजव्या धारेवर एक रेघ, मग पाच मिनिटांत सगळ्या भिंतीवर. सकाळपासून गार असलेला काळा कातळ हाताला तापायला लागतो. चटका नको म्हणून तिघंही पूर्ण बाह्यांचे सदरे घालतो आणि मानेवर पंचा. धाकटा पुढचं लीड सुरू करतो. वर आडवं छत आहे, त्याच्या डाव्या टोकाची चीर धरून वर निघायचं असं दादानं खालून दुर्बिणीनं बघून ठरवलं होतं.

२.०५

दोरी थांबते. टकटक नाही, हालचाल नाही.

मग अगदी हळू आवाजात, "ताई. दादाला सांगा. मोहोळ हाय."

छताच्या पोटात, त्याच्या डाव्या हाताला, आग्या माशांचं पोळं. खालून दिसणं शक्यच नव्हतं, छतानं ते झाकलं होतं. एका माणसाच्या छातीएवढं रुंद, एकच पोळं, उघडं. धाकटा सांगतो की पोळ्यावरून लाट उठतेय. या माशा धोका वाटला की एकामागून एक पोटं वर उचलतात आणि सगळ्या पोळ्यावरून काळी चमक लाटेसारखी सरकते. तो इशारा असतो. त्यापुढे गेलं की त्या येतात, शेकड्यांनी, आणि दोरीला बांधलेल्या माणसाला पळता येत नाही. सह्याद्रीत चढणाऱ्यांना मला वाटतं पडण्याहून याचीच जास्त भीती असायला हवी.

दादाचा आवाजही हळू. "हातोडा लावू नकोस. हात झटकू नकोस. आहेस तिथून एकेक पाऊल खाली ये. ताई दोरी देईल."

मी दोरी देते. या दिवसातलं सर्वांत अवघड बिले हेच. दोरी घाईनं सोडायची नाही, आणि धातूवर धातू वाजू द्यायचा नाही. चार-पाच माशा त्याच्या हेल्मेटभोवती फिरतात. त्याचा चेहरा मला दिसत नाही, पण दोरीतून कळतं की तो श्वास मोजून घेतोय. दर वेळी तेवढीच दोरी, तेवढाच थांबा. चाळीस मिनिटांनी तो स्टेशनवर माझ्या शेजारी आहे. एक डंख मानेवर. मी नखानं खरवडून काटा काढते.

३.००

बोलणं थोडकंच होतं. छताच्या उजव्या बाजूनं जाता येईल. तिथे चीर दिसते, पण तिच्यापर्यंतचा पट्टा गुळगुळीत आहे. पंधराएक बोल्ट लागतील असा अंदाज. म्हणजे सात-आठ तासांची ठोकाठोकी, आणि तीही पोळ्यापासून फार लांब नाही.

"पहाटे अंधारात ठोकू," धाकटा म्हणतो. "थंडीत माश्या सुस्त असतात."

"पंधरा बोल्ट एका पहाटेत होत नाहीत. आणि आवाज कातळातून जातो." दादा बाटल्यांकडे बघतो. "तू सांग," तो मला म्हणतो.

मला वर जायचं आहे. दिवसभर ज्या काठाकडे बघतोय तो आता नीट दिसतोय, त्याच्यावरचं गवतसुद्धा. तरी मी खाली म्हणते. पाणी उद्यापुरतं आहे. बोल्टची ती ओळ फक्त पोळ्याला वळसा घालायला मारलेली असेल, चढाईला तिची गरज नव्हती. आणि माशांचा या कड्यावरचा हक्क आमच्याहून जुना आहे. धाकटा काही क्षण गप्प बसतो. मग कमरेचं ड्रिल काढून बॅगेत टाकतो.

५.३०

लेजवर परत. खाली बेलपाड्यातला मामा रोज संध्याकाळी वॉकीटॉकीची वाट बघत असतो.

"मामा, उद्या खाली येतोय."

"बरे हायेत ना समदे?"

"बरे आहोत. मोहोळ आहे वर."

"मग उतरा. डोंगर कुठं जातोय. नळीच्या तोंडाशी पोरं पाठवतो वझं घ्यायला."

सूर्य समोर आहे, डोळ्यांत जातो. लोक माथ्यावर ज्यासाठी येतात तो सूर्यास्त आमच्या अगदी पुढ्यात होतो, पण आम्ही तिघंही मान खाली घालून दोऱ्या गुंडाळतोय. उजेड आहे तोवर दोरीची प्रत्येक वाव बोटांखालून काढून बघायची. आज ज्या दोरीनं पडणं झेललं तिला वेगळी खूण करून ठेवली.

७.००

पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. मग उद्याची आखणी, आणि ही सर्वांत बारकाईनं होते, कारण उलट्या भिंतीवरून उतरणं चढण्याहून अवघड असतं. सरळ रॅपल केलं, म्हणजे दोरीवरून सरकत उतरलं, तर माणूस भिंतीपासून पंधरा-वीस फूट लांब लोंबकळेल आणि खालचं स्टेशन हाताला लागणार नाही. म्हणून पहिला उतरणारा झोके घेत, वाटेत पिटॉन मारून त्यात दोरी अडकवत, भिंतीला धरून उतरतो. मधला माणूस आणि बॅग त्या दोरीनं ओढले जातात. शेवटचा ते सगळं सोडवत येतो.

"पहिली ताई," दादा म्हणतो. "मग बॅग, मग तू. शेवटी मी."

"शेवटी मी येतो की," धाकटा म्हणतो. "पिटॉन जास्त मीच मारतो, मलाच ठाव कुठला कसा निघतो."

दादा विचार करतो. "बरं. शेवटी तू."

मग मी वही काढते. क्लबांमध्ये अशा नोंदी एकमेकांना द्यायची पद्धत आहे, आणि ती मोडू नये असं मला मनापासून वाटतं. दादा सांगतो, मी हेडटॉर्चच्या उजेडात लिहिते. कुठल्या स्टेशनला किती बोल्ट, कुठला थर ठिसूळ, जुना गंजलेला बोल्ट कुठे. छताच्या डाव्या टोकाला आग्या मोहोळ, खालून दिसत नाही. पोळं आहे तोवर या ओळीनं कुणी जाऊ नये.

"आणि उजवीकडची चीर," धाकटा स्लीपिंग बॅगमधून म्हणतो. "ती चांगली वाटतीय. लांबून बघितली तरी. तेबी लिवा, ताई."

मी तेही लिहिते.